हलवू नका

लोरीन हॉकस्टेटर सकाळी स्कूलबस चालवते.
उरलेल्या वेळात ती काउंटीची कोरोनर,
निवडून आलेली, एकशे बारा मतांनी.
डॉक्टर नाही. इंडियानात कायद्याला डॉक्टरच लागतो असं नाही,
लागतो काउंटीतला पत्ता आणि लोकांचा होकार.
मी तिची मदतनीस. मिरजेला नर्स होते,
गेलेल्या माणसाचीही नाडी एकदा बघायची
ही सवय तिकडची.

पगाराचं विचारू नका.
ऑफिस म्हणजे कोर्टाच्या तळघरातली खोली,
शेजारी मतपेट्या आणि नाताळच्या माळा.
टेबलाच्या खालच्या खणात बेड्यांची एक जोडी,
गंजलेली.
पहिल्या दिवशी मी विचारलं, ह्या कशाला?
ती म्हणाली, शेरीफलाच अटक करायची वेळ आली
तर ती कोण करणार? मी.
मग बिस्किट कॉफीत बुडवत म्हणाली,
अजून आलेली नाही.

बहुतेक मरणं सरळ असतात.
ट्रॅक्टर उलटतो. कोठारातला मका माणसाला गिळतो.
एखादी म्हातारी खुर्चीत, टीव्ही चालू, मांजर उपाशी.
फॉर्मवर चौकटी पाच:
नैसर्गिक, अपघात, स्वतःच्या हातून, दुसऱ्याच्या हातून,
आणि पाचवी, जिच्यावर खूण करताना
लोरीन पेन दोनदा खाली ठेवते:
ठरवता आलं नाही.

फेब्रुवारीत रात्री पावणेदोनला तुरुंगातून फोन.
टॉबी ग्रूम्स, वय बावीस, कोठडी तीन.
दारात शेरीफ केसलर, टोपी हातात.
"हार्ट होतं गं, लोरीन. कर खूण, पोराला घरी जाऊ दे."
फरशी ओली, नुकती पुसलेली,
फिनेलचा वास.
पोराच्या पायात एकच मोजा.
स्ट्रेचर आमच्या आधीच आत येऊन उभं.

तिने आवाज चढवला नाही.
मागच्या सीटवर पोरं मारामारी करतात
तेव्हा आरशात बघून बोलते, तसं म्हणाली:
मी सांगेपर्यंत ह्याला कुणी हलवायचं नाही.
ड्वाइट, तू उंबऱ्याच्या बाहेर.

सहा फूट तीन इंचांचा माणूस
एक पाऊल मागे गेला. मग आणखी एक.
मी मोजली. लिहिली नाहीत,
पंचनाम्यात असल्या पावलांना रकाना नसतो.

मग तापमान घेतलं, खोलीचं, आणि त्याचं.
मनगटं पाहिली. दुसरा मोजा शोधला,
नाही सापडला; ते मात्र लिहिलं.
शवविच्छेदनाचा हुकूम, कॅमेऱ्याच्या चित्रणासाठी समन्स,
खाली तिची सही, शाळकरी, गोल गोल.
कारणाच्या जागी: चौकशी चालू.
आमच्याकडे कावळा शिवेपर्यंत ताटकळतात.
इथे प्रयोगशाळेचं पाकीट येईपर्यंत,
सहा आठवडे, कधी दहा.

आईला फोनवर सांगायचं नाही,
हा नियम कायद्यातला नव्हे, तिचा.
बर्फातून अकरा मैल. पोर्चचा दिवा लागलेलाच होता.
बाईने दार उघडलं, आमच्याकडे पाहिलं,
पाहतच राहिली, मग म्हणाली,
"अंगात स्वेटर होता का त्याच्या?"
लोरीनला खोटं बोलता आलं असतं.
"नव्हता," ती म्हणाली.

सहा चाळीसला ती बसच्या चाकावर.
मी मागच्याच सीटवर, घरी जायचा धीर होईना.
तिसऱ्या थांब्यावर केसलरचा नातू चढला,
सहा वर्षांचा, नाक वाहतंय,
बुटाची नाडी सुटलेली, पायरीवर लोळतेय.
"आधी ती बांध," लोरीन म्हणाली.
मागे दुधाचा टँकर हॉर्न वाजवत होता.
पोराला गाठ जमेना.
तिने हँडब्रेक ओढला.